गळापासून शिडीपर्यंत

सानगडीत लिलाधरला कुणी नावानं हाक मारत नाही. तो ‘इंग्लिश पेंटर’. बाप तलावात जाळं टाकणारा. हा चौथीत शाळा सोडून दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. पुढं लग्नघरांच्या भिंतींवरचं ‘शुभविवाह’ जाऊन इंग्रजी ‘वेड्स’ आलं, तेव्हा तसली अक्षरं पंचक्रोशीत याच्याइतकी देखणी कुणालाच जमेनात. ब्रश असा फिरे की बघणाऱ्याला वाटावं, हा स्वप्नंसुद्धा इंग्रजीत बघत असेल.

खरं म्हणजे गड्याला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तो अक्षरं लिहीत नसे, त्यांची चित्रं काढी. ‘जे’ म्हणजे मासे धरायचा गळ, ‘ओ’ म्हणजे जाळ्याची कडी, ‘एस’ म्हणजे साप, ‘ए’ म्हणजे शिडी. नमुना त्याची लेक ज्योत्सना खडूनं पाटीवर काढून देई. एकदा त्यानं पाटी उलटी धरली आणि एका नवरदेवाचं नाव डोक्यावर उभं राहिलं. तेव्हापासून ती पाटीच्या वरच्या कडेला टिकली काढायची. हे गुपित बापलेकीनं जिवापाड जपलं होतं, कारण ते फुटलं की धंदाही बसला.

यंदा बोलावणं आलं ते बाबूलालकडून. बाबूलाल धानाचा मोठा व्यापारी. त्याच्या कुलदीपचं लग्न अड्याळच्या रीनाशी ठरलं होतं. आता या कुलदीपनं कॉलेजात असताना ज्योत्सनाला शब्द दिलेला, आणि बापानं डोळे वटारताच तोंडाला कुलूप घातलेलं. लिलाधरला हे ठाऊक होतं. पण काम नाकारलं तर गावभर चर्चा होईल, पोरीच्या नावाला बट्टा लागेल, म्हणून त्यानं काळजावर दगड ठेवून हो म्हटलं. त्याहून वाईट म्हणजे, ‘कुलदीप वेड्स रीना’ हा नमुना त्यानं तिच्याकडूनच मागितला. तिनं खडू उचलला. पाटी त्याच्यासमोर ठेवून पाणी भरायला निघून गेली.

सकाळी बाबूलालच्या दारापुढं शिडी लागली. कुलदीपचं नाव आणि ‘वेड्स’ झकास उतरलं. पुढच्या नावाचं पहिलंच अक्षर निघालं गळ. लिलाधर जरा थबकला. हा गळ ओळखीचा होता. पण इंग्रजीचा काय भरवसा, असं म्हणत त्यानं तो काढला. मग एक बेचकी, मग जाळ्याची कडी. कडी पुरी होता होता ब्रश भिंतीवरच थांबला. ज्योत्सना पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तिच्या डब्यावर त्यानं बाईंनी काढून दिलेलं हेच नाव रंगवलं होतं. रोज तो डबा घासता घासता ते त्याच्या बोटांना पाठ झालं होतं.

खाली रस्त्यावर वाचता येणारे थांबत होते. वाचून गप्प होत होते, जागचे मात्र हलत नव्हते. ओसरीत कुलदीप उभा होता, तोंड पांढरंफटक पडलेलं. पुसून टाकावं, असं लिलाधरच्या मनात आलं. फडकं खांद्यावरच होतं. पण हात उचलेना. पोरीनं एवढं मोठं धाडस आपल्या हातून करून घेतलं याचा त्याला राग आला, आणि तो नमुना आपण तिला काढायला लावला याची लाज त्याहून जास्त वाटली. त्यानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. खांब काढला, साप काढला, त्यापुढचं तिरपं अक्षरही काढलं. फक्त शेवटची शिडी राहिली, तेवढ्यात बाबूलालची मोटारसायकल दारात येऊन थांबली.

बाबूलालनं वर पाहिलं. आवाज न चढवता तो म्हणाला, “पुसून टाक थे, लिलाधर. अन् रीनाचं नाव लिव.”

लिलाधर खाली उतरला. आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट त्यानं भर रस्त्यात सांगून टाकली.

“शेठ, मले इंग्रजी येत नाही. पाहून पाहून चित्र काढतो मी. न पाहता येते थे हेच एक नाव.”

कुणी हसलं नाही. लिलाधरनं ब्रश कुलदीपपुढं धरला.

“तुले तं येते ना, बापू. पुसाचं असन तं तूच पूस. पण असा मुका नको राहू.”

ब्रशवरचा रंग कुलदीपच्या पायावर गळत होता. फडकं घे, असं बाबूलालनं बजावलं. कुलदीपनं बापाकडं पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं, आणि फडकं न घेता ब्रश घेऊन तो शिडी चढला.

अड्याळच्या लोकांची माफी मागायला तो स्वतः गेला आणि चार शिव्या खाऊन आला. बाबूलाल कितीतरी दिवस पेंटरशी बोलला नाही. गुपित फुटलं तरी ‘इंग्लिश पेंटर’ हे नाव काही सुटलं नाही, उलट लोक आता ते हसून घेतात.

त्या भिंतीवरचं शेवटचं अक्षर वाकडं आहे. एक पाय आखूड, मधली रेघ घसरलेली. ज्योत्सना सून होऊन त्या दारातून आत गेली त्या दिवशी बाबूलालच म्हणाला की तेवढं सरळ करून टाक. लिलाधरनं नकारार्थी मान हलवली. ते अक्षर आपलं नाही, म्हणाला, आणि त्याला कधी हात लावला नाही.