माणिकप्पांचा कलेक्टर

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. आम्ही तेव्हा शिरूर अनंतपाळला भाड्याने राहत होतो. माझी सहा वर्षांची जगदेवी माळवदावरून पडली आणि मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर चढलं. "हाड सरकलं तर पाय वाकडा जुळेल," डॉक्टरांनी बजावलं. पोर मात्र घटकाभर स्वस्थ पडत नव्हती. दारावरून कुणी गेलं की उठायला बघायची. मी उशाशी बसून रागवायचे, विनवायचे, शेवटी स्वतःच रडायचे.

शेजारी माणिकप्पा राहत. पेंडीचं दुकान आणि थोडी शेती. चारा नाही म्हणून त्यांनी बैलजोडी बिलोलीला सासुरवाडीत पाठवली होती. रिकाम्या गोठ्यामागचा उकिरडा उपसताना त्यांना एक भुंगा सापडला. काळाकुळकुळीत, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग. तो ओंजळीत धरून ते सरळ आमच्याकडे आले.

"जगू, लातूरला नवा कलेक्टर आलाय म्हणं. ह्यो आपला!"

"अप्पा, चावला तर?" मी म्हणाले.

"केळं चोखून खाणारा गडी हाय, अक्का. तुमच्याइतकं तर नक्कीच न्हाई चावत."

जगू कितीतरी दिवसांनी हसली. भोकं पाडलेल्या बिस्किटाच्या डब्यात, शेणखतावर कलेक्टर राहू लागला. मी मात्र जगूची बोटं रोज तपासत होते.

पोळ्याला मारुतीपुढे हलगी वाजली आणि जगू कोपरांवर उठली. "मला बैल बघायचेत!" मी तिचे खांदे दाबून धरले आणि माणिकप्पांना हाक मारली. ते आंब्याची पानं घेऊनच आले. पायाच्या दोन्ही बाजूंना पेले ठेवले, मधे दोरा बांधून गुडघ्यावर, वेशीत बांधतात तसं, पानांचं तोरण केलं; ते तुटलं की पोळा फुटतो. कलेक्टरच्या पाठीवर चमकीच्या कागदाची झूल चिकटवली आणि त्याला प्लास्टरवर सोडलं.

"ही गावाची वाट. वाट हलली की बैल बुजतोय बग."

जगू श्वास रोखून पडली. कलेक्टर चालायचा, थांबायचा, मिशा हलवायचा. तोरणाशी त्याचं शिंग दोऱ्यात अडकलं. त्याने हिसका दिला आणि पेला कलंडला.

"पोळा फुटला!" जगू ओरडली. पाय तसूभरही हलला नव्हता.

मी कलेक्टरला ओवाळलं. माणिकप्पा डोळे पुसत म्हणाले, "औंदा दारात बैल न्हाईत म्हणून सकाळपासून घास उतरला न्हवता, अक्का. द्या आता पोळी."

त्यानंतर दुकान बंद करून ते रोज येत आणि रोज गावची वाट अंथरली जाई. प्लास्टर निघालं तेव्हा पाय सरळ जुळला होता. जगू पहिल्यांदा चालली ती त्यांच्या दारापर्यंत. ते ओट्यावर बसले होते. तिची पावलं पाहून ते आत तोंड करून बायकोला म्हणाले, "शिवम्मा, भाईर ये गं. पोरगी चालायलीय."

आभार मानायचे मला तेव्हा सुचलं नाही. आज मानते.