भोंग्याविरुद्ध दावा

कोर्टात पुकारा करणाऱ्या पट्टेवाल्याला सगळे भोंगाकाका म्हणत. हा माणूस बायकोच्या कानात गुपित सांगायचा आणि शेजाऱ्यांना ते सविस्तर कळायचं. नव्या कायद्यामुळे लोक घरबसल्या पडद्यावर हजर राहू लागले, पण व्हरांड्यात तीनदा नाव पुकारायचं कलम काढायचं कायदा करणारे विसरूनच गेले. काका बिचारे रिकाम्या बाकांना मनापासून हाका मारत राहिले.

समोरच्या इमारतीतल्या निवृत्त गायनमास्तरांचं त्याने डोकं उठलं. पुकारा बेसूर आहे, दुपारची झोप मोडते, तो कायमचा बंद करा, असा त्यांनी दावाच ठोकला. निकाल विरुद्ध गेला तर काकांची रवानगी तळघरातल्या दफ्तरखान्यात, जिथे शिंकायचीही चोरी. काकांना त्याचाच घोर लागला होता.

सुनावणीला मास्तर पडद्यावर आले, जांभई द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थिजले. नेट गेलं होतं.

"पुकारा करा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तिसऱ्या पुकाऱ्यालाही हजर झाले नाहीत, तर दावा खारीज."

काकांना सकाळचं बायकोचं बोलणं आठवलं, "अहो, आज तरी जरा हळू ओरडा." पहिला पुकारा त्यांनी पुटपुटला. दुसरा त्याहून हळू. व्हरांड्यात झोपलेल्या मांजरीने कानही हलवला नाही, आणि काकांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. तिसऱ्याला त्यांनी छाती भरून असा आवाज लावला की मांजर थेट कपाटावर.

"हजर!" समोरच्या गॅलरीत मास्तर पायजमा सावरत उभे!

बाईंनी कायदा उघडला. दूर राहून दिसेल आणि ऐकू येईल अशी हजेरी चालेल, एवढंच त्यात होतं. नेटचं नाव कुठेच नव्हतं. सुनावणी सुरू झाली. बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे पोचेना, म्हणून त्यांचे प्रश्न काकांनीच ओरडून विचारायचे.

"काय म्हणणं आहेऽऽ तुमचं?"

"याचा आवाज बंद कराऽऽ!"

"आत्तापासूनच करायचा काऽऽ?"

मास्तर गडबडले. "छे छे! मग माझी केस कशी चालणार? केस संपेपर्यंत ओरडू दे त्याला!"

बाईंनी तसा हुकूम केला आणि पुढची तारीख दिली. कोर्टाच्या तारखांचा काकांना दांडगा अनुभव. निवृत्तीपर्यंतचा घोर मिटला! आनंदाने त्यांचे डोळे भरून आले, आणि खिडकीशी जाऊन त्यांनी लगेच बायकोला बातमी कळवली. फोन न लावता.