जीएसटी भरणारं जोडपं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी फिस्स केलं की माझी गाडी अडते, आणि ही गोष्ट अर्धवट राहिली तर तुमच्या डोक्यात माझ्याबद्दल भलतंच काहीतरी राहील. तसं ते पूर्ण ऐकल्यावरही राहणारच आहे म्हणा.

तर मी भोईर. भिवंडीतल्या कामतघरला आमचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. आमचा म्हणजे माझा आणि नरसय्याचा. जागा माझ्या बापाची, हुन्नर नरसय्याचा. तो तेलंगणातला पद्मशाली, विणकराच्या पोटी जन्मलेला. मी आगऱ्याचा पोरगा, भाताच्या खाचरातून उठून आलेला. एकतीस वर्षं पार्टनरशिप. भिवंडीत पार्टनर या शब्दाला एकच अर्थ आहे, असं मी परवापर्यंत समजत होतो.

चार महिन्यांपूर्वी आमच्या जागेवर गोदाम बांधायला एक पार्टी आली. मी तिला होकार दिला आणि मग नरसय्याला सांगितलं. क्रम लक्षात घ्या. आधी होकार, मग पार्टनर. नरसय्यानं खुंटीवरचा टॉवेल काढला, खांद्यावर टाकला आणि चालू पडला. लूम भंगारात गेले तेव्हाही फिरकला नाही. तेव्हापासून अबोला. मग कानावर आलं की मंगळवारी तो हैदराबादला मुलाकडे चाललाय, कायमचा.

"जाऊन बोला की त्याच्याशी," सुमन म्हणाली. सुमन म्हणजे आमची बायको.

"त्याला गरज असंल तर येल तो."

"येल कसा? चूक तुमची, नि चालायचं त्यानं? बरं, नसंल बोलायचं तर कपाटातला तो पसारा तरी काढा."

पसारा म्हणजे दोन वस्तू. एक आमच्या पहिल्या लूमचा धोटा, मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी. आणि एक फोटो. फोटोत मी आणि नरसय्या एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे. दोघांना मिशा, दोघांनाही कंबर.

फेकायला हात होईना. चहावाल्यानं सांगितलं की पलीकडच्या गल्लीत एका बंद कारखान्यात दोन खोल्यांचं संग्रहालय निघालंय, जुन्या वस्तू ठेवून घेतात. म्हटलं बरं झालं. बंद कारखान्यातलं संग्रहालय म्हणजे लूमचंच असणार, दुसरं कशाचं असेल? वस्तू पिशवीत घातल्या आणि निघालो. चष्मा घरीच राहिला.

दारावर रंगीबेरंगी पट्ट्यांचं कापड लावलं होतं. मी सवयीनं चिमटीत धरून पाहिलं. पॉलिस्टर. पण डाइंग चांगलं. वर बोर्ड होता, ‘आठवणींचं संग्रहालय’, आणि खाली ठळक इंग्रजी अक्षरं, एल जी बी टी क्यू. त्याखाली बारीक मराठीत काहीतरी होतं, ते दिसलं नाही. आता तुम्ही म्हणाल, तिथेच कळायला हवं होतं. अहो, आमच्या भिवंडीत हायवेला उभं राहा. प्रत्येक गोदामावर अशी पाच-पाच अक्षरं असतात. कोणी कुरियरवाला, कोणी ऑनलाइनवाला. मी म्हटलं, कोणा कंपनीनं पैसे दिले असतील.

आत एक मुलगी होती. केस बारीक कापलेले, हातात पेन. नाव हर्षदा. "या काका, आधी बघून घ्या, मग बोलू," म्हणाली.

पहिल्या कपाटात स्टीलचे दोन पेले. एकावर शांता कोरलेलं, दुसऱ्यावर लीला.

"या दोघी एका खोलीत बावीस वर्षं राहिल्या," हर्षदा म्हणाली. "घरच्यांना शेवटपर्यंत सांगितलं, मैत्रीण आहे."

"खोल्यांची टंचाई हायच इथं," मी म्हणालो. "कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होत्या का?"

ती जराशी हसली. पुढे एक हिरवी साडी होती. कोणा गुरूची, तिच्या चेल्यांनी आणून दिलेली, असं ती म्हणाली. मी काठ पाहिला. "ही भिवंडीची नाय. सुरतची," मी सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं. मला जरा बरं वाटलं.

मग भिंतीवर काचेत एक पत्र. एका कामगारानं गावी गेलेल्या दुसऱ्याला लिहिलेलं. तिनं वाचून दाखवलं. ‘तू गेल्यापासून शिफ्ट संपत नाही.’

"संपंल कशी?" मी म्हणालो. "जोडीदार गावी गेला की त्याचे लूम पण आपल्याच गळ्यात."

हर्षदानं पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही फार सहज बोलता हो याबद्दल. इतक्या वर्षांची सवय असेल."

"जल्म गेला," मी म्हणालो, आणि पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला. "हा मी, नि हा माझा पार्टनर."

तिनं फोटो दोन्ही हातांनी धरला. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली की आम्ही लोकांच्या कहाण्या आवाजात भरून ठेवतो, तुम्ही सांगाल का? मी म्हटलं सांगतो की. चार महिने कोणी विचारलंच नव्हतं. तिनं एक फॉर्म पुढे केला आणि हळूच विचारलं, "खरं नाव ठेवायचं, की बदलायचं? बरेच जण बदलतात."

"नाव कशाला बदलायचं? जीएसटी भरतो आम्ही." सही ठोकली. खाली पार्टनरचा नंबर लिहायची जागा होती, तोही लिहिला.

मग माइक लावला आणि सुरू झालं. जसंच्या तसं सांगतो.

"किती वर्षं एकत्र?"

"एकतीस."

"ओळख कशी झाली?"

"मी नवीन होतो, काय येत नव्हतं. सूत तुटलं की रडकुंडीला यायचो. त्यानं हात धरून गाठ मारायला शिकवलं."

"घरच्यांचा विरोध?"

"मोप. बाप म्हनला, आपन आगरी, तो तेलुगू, त्याचं नि तुझं जमायचं कसं?"

"जात पण आली मधे," ती पुटपुटली. "आणि काकूंना कधी सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? तिच्या डोळ्यांसमोरच चाललंय सगळं. आधी कुरकुर करायची, सारखे त्याच्याकडेच पडलेले असता म्हणून. मग सवय झाली. आता करंज्या केल्या की त्याचा डबा आधी भरते."

हर्षदाचे डोळे भरून आले. मला वाटलं, आजकालच्या पोरींना कारखानदारीचं किती कौतुक!

"मग आता ते सोबत का नाहीत?"

इथे मात्र, खरं सांगतो, माइक समोर आहे हेच विसरलो. सांगून टाकलं सगळं. जागेचं, होकाराचं, टॉवेलचं. म्हणालो, "चुकलं माझं. त्याला आधी विचारायला पायजे होतं. विचारलं असतं तर तो हो म्हनला असता, हे पण मला ठाऊक होतं, तरी नाय विचारलं. आता मंगळवारी तो चाललाय. तो गेला की भिवंडीत मला तोंडावर शिव्या घालील असा कोन ऱ्हायला?"

मुलगी रडत होती, मी नाक पुसत होतो. धोटा नि फोटो तिथेच ठेवले आणि हलक्या अंगानं घरी आलो.

शनिवारी सकाळी तिचा फोन. आमचे कान लूमच्या आवाजानं अर्धे गेलेले, त्यात फोनवर तर पावच उरतो.

"काका, तुमची कहाणी सगळ्यांना फार भिडली. उद्या छोटासा कार्यक्रम ठेवलाय. भिवंडीतलं सगळ्यात जुनं समलिंगी जोडपं म्हणून तुमचा सत्कार."

मी ‘समभागी’ ऐकलं. म्हटलं बरोबर आहे, फिफ्टी-फिफ्टीच होती आमची. "सत्कार कशाला, तसे इथं लई हायत," मी म्हणालो. "आमच्या गल्लीतच धा-बारा निघतील."

 मग ती म्हणाली, "काका, खरंच? पुरुष-पुरुष?"

"मंग? बायकांना कोन घेतंय पार्टनर?"

आता तिलाही शंका आली असावी. तिनं एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं विचारलं. आणि मला कळलं. एल जी बी टी क्यू कळलं, शांता-लीला कळल्या, शिफ्ट का संपत नव्हती ते कळलं. पायाखालची जमीन सरकली, आणि तिच्यावर अजून गोदामही बांधून झालं नव्हतं.

"पोरी, ते पुसून टाक," मी ओरडलो. "कोनी ऐकायच्या आधी पुसून टाक."

"काका, सॉरी, पण नरसय्याकाकांना मी काल फोन केला होता. ते आत्ताच आलेत. ऐकतायत."

चप्पल उजवी-डावी न बघता रिक्षात बसलो. डोक्यात एकच गोष्ट. चार महिने हा माणूस माझ्यावर रागावलेला, त्यात मी त्याला न विचारता जागा दिली, आणि आता न विचारता त्याचं हे करून ठेवलं. आधी होकार, मग पार्टनर. मंगळवारी जाणारा माणूस आजच जाईल, आणि जाताना माझं तोंड फोडून जाईल.

पोचलो तर नरसय्या खुर्चीत बसलेला. कानाला हेडफोन. त्याचे कान माझ्याहून गेलेले, म्हणून आवाज एवढा वाढवलेला की दारापर्यंत मलाच माझं ऐकू येत होतं. ‘चुकलं माझं,’ मी आतून म्हणत होतो आणि बाहेर उभा होतो. हर्षदा कोपऱ्यात नखं खात होती.

नरसय्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढला.

"नरसय्या," मी घाईघाईनं म्हणालो, "घोटाळा झाला रे. ही जागा लूमवाल्यांची नाय. म्हंजे ती मानसं असतात ना, बाई-बाई, पुरुष-पुरुष..."

"मालूम हाय मेरेको. बोर्ड पे लिखेला है. मी वाचून आत आला." त्यानं हेडफोन मांडीवर ठेवला. "तू कधी काय वाचला? फॉर्म वाचला? गोदामवालेका कागज वाचला?"

"नाय."

"अंगठाछाप है तू, भोईर. सही करणारा अंगठाछाप." तोंडावर शिवी. चार महिन्यांतली पहिली. मला काय वाटलं ते सांगत बसत नाही.

"ये जो मशीनमें बोला," तो हेडफोनकडे बोट दाखवून म्हणाला, "वो मेरे घर आके बोलनेको पाय दुखत होता तेरा?"

"लाज वाटली."

"और इधर नाय वाटली?"

हर्षदा पुढे आली. "चूक माझीही आहे. मी माझ्याच मनातलं ऐकत गेले. तुम्ही दोघं म्हणाल तर आत्ता काढून टाकते."

"काढ," मी म्हणालो.

"ठेव," नरसय्या म्हणाला. "एकतीस सालमें पैली बार चुकलं बोला है ये. परत बोलणार नाय. सबूत पायजे." मग जरा विचार करून म्हणाला, "लेकिन नीचे लिखना, हे दोघं चुकून आले."

हर्षदा हसली. मीही हसायला गेलो आणि नजर त्या दोन पेल्यांवर गेली. खोल्यांची टंचाई म्हणालो होतो मी. आमचं एकतीस वर्षांचं भांडण अख्ख्या कामतघरला पाठ, आणि त्या दोघींना बावीस वर्षं एक साधा शब्द उघड बोलता आला नाही. मी हर्षदाला म्हटलं, "त्या दिवशी मी या बायांबद्दल जे बोललो ना, ते मनावर घेऊ नको." ती म्हणाली, "मी तर त्याला विनोद समजले होते काका."

निघताना नरसय्याला विचारलं, मंगळवारचं काय. म्हणाला, जायचं तर आहेच, पोरानं तिकीट काढलंय, पण कायमचं बघू, तिकडे कोणाशी भांडणार? मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "सकाळची गाडी है. कल्याणला सोडायला येणार का, का उधर भी पैले दुसऱ्याला होकार देके बसला है?"

"येतो," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या पटकन हो म्हटलं नसेल.

घरी आलो. सुमन वाल सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं, अगदी समलिंगी-समभागीसकट. वाटलं, आता ही एकतर रडेल नाहीतर माहेरी जाईल. तिनं वाल सोलणं काही थांबवलं नाही.

"मंग, मिटलं ना तुमचं?"

"मिटलं. मंगळवारी सकाळी त्याला कल्याणला सोडायला चाललोय."

"बरं झालं." तिनं वालाची पुढची मूठ पुढ्यात ओढली. "त्या पोरीकडं बायकोबद्दल पन बोलता येतं का हो? न्हाय, नरसय्याचं एवढं सांगितलंत, म्हनून इचारते."

"तुझ्याबद्दल काय नवीन सांगायचं? सगळं ठाऊकच हाय मला."

"सगळं?"

"सगळं."

"मंग सांगा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं?"

आता आली का पंचाईत. मी तिच्या दोन्ही डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही सारखेच दिसत होते. मग मनाशी हिशेब केला, जरा आव आणला आणि ठणकावून म्हणालो, "उजव्या."

सुमननं सोललेले वाल टोपात ओतले.

"झालं न्हाय अजून. मंगळवारी हाय. सकाळी. तुमीच नेनार होता मला."