लाभ, दोन, तीन

लाभमावशीने जन्मात कधी 'एक' म्हटलं नाही. ती अमडापूरच्या बाजारात धान्य मापायची, आणि आमच्याकडे मापणारे पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात. मग दोन, मग तीन. बाकीचे मापारी निदान घरी गेल्यावर तरी 'एक' म्हणत. मावशी ताटात भाकरीसुद्धा 'लाभ, दोन' अशीच वाढायची. "एक म्हनलं का माप तिथंच थांबते," असं तिचं म्हणणं. तिचं खरं नाव मी कधी विचारलंच नाही, याची आता लाज वाटते.

बाजाराचा दिवस सोडला तर ती घरीच असे. आया निंदायला शेतात गेल्या की गल्लीतली दहाबारा पोरं तिच्या ओट्यावर सोडून जात. तिला कोणी शिक्षिका म्हटलं असतं तर ती हसून ओट्यावरून खाली पडली असती. पण रिकामं बसू द्यायची नाही. तूर-हरभरा मिसळून समोर ओतायची आणि निवडायला लावायची. चिंचोके वाटायला द्यायची. वाटणाऱ्याने स्वतः शेवटी घ्यायचे. आणि माप रिकामं केलं की उलटं धरून बुडावर तीन टिचक्या. "बुडाले काय चिकटून राह्यलं ते पाह्य, अन् मंग मोज."

सकाळी ती आम्हालाही मोजून घ्यायची. डोक्यावर पहिला हात पडेल तो त्या दिवसाचा 'लाभ'. त्यावरून मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा तिने जाहीर केलं की उद्यापासून रडत येईल तो लाभ. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापासूनच सगळी पोरं भोकाड पसरून आली.

"काऊन बे, कोन मेलं?" मावशी म्हणाली. मग कोपऱ्यात ओठ दाबून बसलेल्या माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला. "हे सारे गळे काढून राह्यले. खरं रडू हिले येऊन राह्यलं. लाभ!"

घरी मी चौथी मुलगी होते. लाभ मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि गावोगावच्या शाळा तपासायला डिपटीसाहेब येत. आमच्या शाळेत सगळे मुलगेच. मी शाळेचा हट्ट धरला तेव्हा वडील म्हणाले, "सायेब हो म्हनले तर जाय. नाई तर चूल हायेच." आणि तपासणीच्या दिवशी त्यांनी मला साहेबांसमोर उभं केलं.

साहेबांनी चिंचोक्यांचा डबा पुढे सरकवला.

"अठरा आहेत, साहेब. सकाळीच मोजलेत," मास्तर म्हणाले.

"हिला मोजू द्या."

मी डबा जमिनीवर रिकामा केला. मास्तरांनी तो घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही. उलटा धरून बुडावर तीन टिचक्या मारल्या. डब्यात पूर्वी असलेल्या गुळाच्या चिकटीने तळाला धरून राहिलेले दोन चिंचोके टपटप पडले. मग मी मोजायला बसले, "लाभ, दोन, तीन..."

पोरं फिदीफिदी हसली.

"एक म्हण," साहेब म्हणाले.

"नाई म्हनत. माप थांबते."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. मी मोजतच राहिले. चिंचोके भरले वीस.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणी शिकवलं तुला?"

"मावशीनं. ओट्यावर."

"मास्तर, हिचं नाव घाला. आणि चार दिवस तुम्ही त्या ओट्यावर बसून या."

हे मावशीला सांगितलं तेव्हा तिने गंभीरपणे मान हलवली. "धाडून दे. पन तूर निवडा लागन त्याले."

त्या ओट्यावरची सगळीच पोरं मोठी झाली असं मी म्हणणार नाही. भोकाड पसरण्यात पहिला असलेला गण्या पुढे पुढारी झाला, एवढं मात्र खरं. मी पुष्कळ शिकले, शिकवलंही. पण रिकामा डबा बुडावर टिचक्या मारल्याशिवाय मी आजही फडताळात ठेवत नाही.

नागपूरला कॉलेजात निघाले तेव्हा मावशी मोटारीपर्यंत आली. ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा असं माझं सामान मोजू लागली आणि चारवर थांबली.

"मावशी, नग तीनच आहेत."

"पुन्हा पाह्य," म्हणत तिने पहिला हात माझ्या डोक्यावर ठेवला, मग ट्रंकेवर. "लाभ... दोन..." वळकटी आणि डबा मीच मोजले.

नातवंडांनो, तुम्हा सर्वांचे फोटो माझ्या टेबलावर ओळीने आहेत. रोज सकाळी बोट ठेवून मोजते. लाभ कोण, ते सांगणार नाही. पत्रातून रडलात तरी.