त्या दिवशी मी डेपोत नव्हतो

१९४८ च्या जानेवारीअखेर मी रजेवर गावी होतो. आमचे गाव मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवर. फौजेत हवालदार होतो. गावातही युनिफॉर्म घालून फिरत असे. लोकांना ते आवडे, मलाही.

सकाळी नसरापूरहून आलेल्या दुकानदाराने पारावर सांगितले, काल दिल्लीत महात्माजींना गोळ्या घातल्या. गावाने सुतक धरले. घरचे वडीलधारे गेल्यासारखे सगळे पुरुष नदीवर गेले, आंघोळी केल्या. काही जण मोठ्याने रडत होते. काठावरच कोणीतरी म्हणाले, मारणारा ब्राह्मण होता. माणसे ओल्या धोतरांनिशी तशीच वळली.

गावात ब्राह्मणाचे घर एकच, वैद्यकाकांचे. त्यांचा मुलगा शंकर आमच्या पलटणीबरोबर सिग्नलमध्ये होता. महायुद्धात इटलीत पायाला गोळी लागून मी उघड्यावर पडलो, तेव्हा त्याने वायरलेस सेट खाली ठेवला आणि मला ओढत आडोशाला आणले. मग दुसऱ्याला आणायला गेला. परत आला नाही.

मी पुढे पळालो आणि वैद्यांच्या दारात उभा राहिलो. काका बाहेर आले. "दौलत, तू आहेस होय? मग चिंता नाही."

जमावापुढे माझे चुलते होते, तुकानाना. "हवालदार, बाजूला व्हा."

"नाना, शंकरचं घर हाय ह्ये."

"ठावं हाय. तू उद्या जाशील पलटणीत. आमाला हितंच ऱ्हायचंय. हो बाजूला."

मी बाजूला झालो.

"बगा, पलटण मागं सरली!" कोणीतरी ओरडले. हशा झाला.

काकाकाकूंना बाहेर काढून त्यांनी माळ्याला आग लावली. काकू माझ्याजवळ आल्या. "दौलत, मधल्या खोलीत शंकरचा फोटो आहे. भिंतीवरच आहे रे. तेवढा आणतोस?"

मधली खोली अजून पेटली नव्हती. मला कोणी अडवलेही नसते.

"काकू, आता आत जाणं धोक्याचं आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. दोघे त्याच दिवशी पायी भोरला गेले, तिथून पुण्याला. गावात परत आले नाहीत.

महात्माजींची ती बातमी तुम्हाला कुठे कळली, असे लोक अजून एकमेकांना विचारतात. मी सांगत आलो की पलटणीच्या डेपोत होतो, परेड थांबवली, झेंडा खाली आला. माझ्या घरच्यांना हे पाठ आहे. ते खोटे आहे.

शंकरचा तेवढा एकच फोटो होता. शंकर उंच होता, डाव्या हाताने लिहायचा, चहा गार करून प्यायचा, एवढे मी सांगू शकतो. चेहरा आठवत नाही.