टिळेकरांची पंचेचाळिशी

आमच्या जुन्या ऑफिसातल्या आम्ही चौघी-पाचजणी अजून महिन्यातून एकदा जमतो, शनिवार पेठेत, माझ्याच घरी. दर वेळी ठरतं, की ऑफिसचा विषय काढायचा नाही. मग गुडघे होतात, नातवंडं होतात, आणि पोह्यांची बशी हातात येते न येते तोच कुणीतरी म्हणतं, "काही म्हण, तेव्हा तुझ्यावर अन्यायच झाला हं!" झालं! एका किश्शाचं शेपूट धरून दुसरा येतो आणि पोहे गार होतात.

बदलीचे किस्से फार नसतात, कारण बदली सगळ्यांच्याच वाट्याला येते. बढती मात्र एकालाच मिळते आणि बाकीचे आयुष्यभर सांगत बसतात. मीही त्या बाकीच्यांतलीच.

ऑफिस सरकारी. आमची शाखा आस्थापनेची, म्हणजे ऑफिसातल्याच माणसांच्या रजा, बदल्या आणि बढत्यांचे कागद सांभाळणारी. दुसऱ्यांच्या बढत्या आम्ही दहा दिवसांत मार्गी लावायचो. आमची स्वतःची आली, तेव्हा मात्र सगळ्यांची झोप उडाली.

*

दर जानेवारीत नोटीस बोर्डावर ज्येष्ठता यादी लागायची. कोण कधी नोकरीला लागलं, जन्मतारीख काय, परीक्षा पास की नापास, सगळं त्यात. लोक स्वतःचं नाव एकदाच वाचायचे आणि वरच्या माणसाची जन्मतारीख तीन-तीनदा!

आवक-जावक सांभाळणारे परांजपे यात पटाईत. अख्खी यादी त्यांना पाठ. आपल्या वरच्या माणसाला खोकला झाला, की हे आधी चौकशीला हजर. "काय, तब्येत बरी आहे ना? दगदग करू नका हो. आता निवांत राहायचं वय."

एकदा आमच्या हेडक्लार्क भागवतांना ताप आला होता. परांजपे मोसंबी घेऊन घरी गेले. भागवतांनी अंथरुणातूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "परांजपे, अजून दीड वर्ष आहे माझं. मोसंबी ठेवा आणि या आता!"

*

भागवत असे का झाले, त्यालाही कारण होतं.

ते आणि जगताप एकाच दिवशी नोकरीला लागले. जगताप सकाळी हजर झाले. भागवतांची बस स्वारगेटला बंद पडली, ते पोहोचले जेवणाच्या सुट्टीनंतर. झालं, एकाच्या नावापुढे 'मध्यान्हपूर्व' आणि दुसऱ्याच्या नावापुढे 'मध्यान्होत्तर' लागलं. त्या अर्ध्या दिवसाच्या जोरावर जगताप अकरा वर्षं हेडक्लार्क होते. ते निवृत्त झाल्यावर भागवतांना खुर्ची मिळाली, ती दोन वर्षांपुरती!

कामात भागवत दसपट हुशार, हे जगतापही कबूल करायचे. पण हुशारीला यादीत रकाना नव्हता.

भागवतांच्या निरोप समारंभाला जगतापांना मुद्दाम बोलावलं होतं. रिक्षा मिळाली नाही म्हणून ते तासभर उशिरा आले, घामाघूम. भागवत हार घालून दारातच उभे होते. म्हणाले, "या, या. मध्यान्होत्तर लिहू ना?"

सगळे हसले. भागवत हसले नाहीत.

*

भागवत गेले आणि हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. आता माझी गोष्ट सुरू होते.

यादीत सगळ्यात वर टिळेकर. त्यांच्या खाली मी, दामलेबाई. मधली आठ वर्षं भरतीच बंद होती, त्यामुळे आमच्यात दुसरं कुणी नाही. टिळेकर कात्रजच्याही पलीकडच्या गावातले, सकाळी गोठ्यातलं आवरून ऑफिसला यायचे. कामाला वाघ. कुठला नियम कुठल्या पानावर, हे साहेबसुद्धा त्यांनाच विचारायचे. पण बढतीसाठी विभागीय परीक्षा पास व्हावी लागायची, आणि टिळेकर चार वेळा नापास झाले होते. मी पहिल्याच फटक्यात पास, तीही विभागात पहिली. (हे मी तेव्हा दिवसातून दोनदा सांगायचे. आता एकदाच सांगते.)

टिळेकर नापास का व्हायचे? पेपरात प्रश्न आला होता, "एखादा कर्मचारी परवानगीशिवाय आठ दिवस गैरहजर राहिल्यास आपण काय कारवाई कराल?" उत्तरात नियम लिहायचा, नोटिशीचा नमुना लिहायचा. टिळेकरांनी एकच ओळ लिहिली, "आधी त्याच्या घरी माणूस पाठवावा, काही बरेवाईट झाले असेल."

शून्य मार्क!

मी त्यांना म्हटलं, "अहो टिळेकर, नियम तर तुम्हाला पाठ आहे. तो का नाही लिहिला?"

"बाई, नियम म्हाईत हाय. पर त्यांनी इचारलं, तुम्ही काय कराल. मी तर ह्येच करंन!"

*

रिकामी खुर्ची हा एक वेगळाच जाच होता. भागवतांची ती हाताची खुर्ची, शाखेत तशी एकच. तिच्यात कुणी बसायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी बसायचं नाही. आमचे म्हातारे शिपाई रोज सकाळी त्या टेबलावर पाणी भरून ठेवायचे आणि संध्याकाळी ओतून द्यायचे.

एक दिवस फोन वाजला. फोन त्याच टेबलावर. साहेबांचाच होता, लांबला, आणि मी बोलता बोलता त्या खुर्चीत टेकले. फोन ठेवून मान वर केली तर अख्खी शाखा लेखण्या थांबवून माझ्याकडे बघतेय! टिळेकरांनी तेवढी मान खाली घातली होती.

परांजपे शांतपणे उठून जवळ आले आणि खाली वाकून म्हणाले, "पाठ टेकली होती का? नाही ना? मग काळजी नको, हरकत घेता येणार नाही."

त्या दिवसापासून मी फोन उभ्यानं घ्यायला लागले.

*

टिळेकरांना एक आशा होती. पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की परीक्षेतून सूट मिळायची. आणि यादीप्रमाणे टिळेकर येत्या एक जूनला पंचेचाळीस पूर्ण करणार होते. त्यांच्या गावात निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना गुरुजींनी लावली ती तारीख, टिळेकरांना दुसरी कुठली माहीत नव्हती.

तेव्हा हिशेब सरळ होता. बढतीच्या समितीची मीटिंग एक जूनच्या आधी झाली, तर टिळेकर अपात्र आणि मी हेडक्लार्क. नंतर झाली, तर ते. आणि मग मी त्यांच्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, खालीच.

ऑफिसात दोन पक्ष पडले. गुणवत्तेच्या बाजूचे सगळे यादीत तळाला आणि ज्येष्ठतेच्या बाजूचे सगळे वरच्या पानावर. तत्त्वाची चर्चा इतकी रंगायची, की चहा दोनदा मागवावा लागायचा. माझं मात्र जेवण जाईना. रात्रभर छातीत जळजळ, आणि सकाळी उठल्याबरोबर कॅलेंडर. ऑफिसात गेलं की टिळेकरही कॅलेंडरपाशी उभे! माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

एकदा तेच म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. पर मीटिंग तेवढी फुडं जाऊ द्या, असं रोज म्हनतो देवाला."

मी म्हटलं, "माझाही तुमच्यावर राग नाही, टिळेकर. मी देवाला अलीकडे आणायला सांगते."

"बघू मग, त्यो कुनाचं ऐकतो!" असं म्हणून त्यांनी घरच्या गवारीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

आणि मीटिंगची तारीख आली. एकोणतीस मे!

*

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. स्वतःचं सेवापुस्तक स्वतः हाताळायचं नाही. साऱ्या ऑफिसची सेवापुस्तकं टिळेकर लिहायचे. त्यांचं एकट्याचं माझ्याकडे. त्यामुळे समितीसाठी टिळेकरांची टिप्पणी मी लिहायची आणि माझी टिळेकरांनी. म्हणजे बघा!

मी त्यांची टिप्पणी लिहायला घेतली. बारा वर्षं ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, पण माझं काम मागच्या पानांवर, रजांच्या नोंदींचं. पहिलं पान मी कधी उघडलंच नव्हतं. त्या दिवशी उघडलं. जन्मतारीख, एक जून. साल वाचलं आणि बोट तिथंच राहिलं. यादीत होतं त्याच्या एक वर्ष आधीचं!

टिळेकर येत्या जूनला पंचेचाळिसांचे होणार नव्हते. ते गेल्याच जूनला झाले होते.

यादीत चूक आली कुठून? मी जुन्या याद्या काढल्या. दर वर्षीची यादी आदल्या वर्षीच्या यादीवरून उतरवलेली. मागं मागं जात बारा वर्षांपूर्वीच्या यादीपाशी पोहोचले. तिथून चूक सुरू होत होती. खाली टंकलेखकाची सही होती. माझी. नोकरीतलं माझं पहिलं काम! विभागात पहिली आलेल्या बाईनं एका माणसाचं वय चुकवलं होतं आणि तो माणूस बारा वर्षं तेच आपलं वय म्हणून सांगत होता.

तीन दिवस ते पुस्तक मी खणात कुलपात ठेवलं. कुणाला कळलं नसतं. समिती यादीच बघते, पहिलं पान कोण बघतो? यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "विचारतेस म्हणजे काय करायचं ते तुला ठाऊक आहे." इतका राग आला मला त्यांचा! "लिहू नकोस," एवढं म्हणायला काय जात होतं?

चौथ्या दिवशी मी खरी तारीख लिहिली, चूक माझी हेही लिहिलं, आणि कागद आधी टिळेकरांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. आता हा माणूस रडतो की काय, असं मला वाटलं.

ते म्हणाले, "म्हंजे बाई, मी रिटायर बी एक वरीस आधीच व्हनार की!"

*

टिळेकर हेडक्लार्क झाले. मी घरी जाऊन ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, "अभिनंदन!" म्हटलं, तेही फोनसारखं उभ्यानंच.

लोकांनी मला सोडलं नाही. ज्येष्ठतेच्या पक्षातले म्हणाले, "बाईंनी मोठं मन दाखवलं." गुणवत्तेच्या पक्षातल्यांनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं. टिळेकरांच्या पाठीमागं मात्र एकच वाक्य फिरायचं, "परीक्षेचा नाही हो, वयाचा हेडक्लार्क!" परांजपे तर त्यांच्यासमोरही बोलायचे, फक्त थोडं हळू. टिळेकर ऐकायचे आणि समोरच्या फाइलवर सही करायचे. मला त्या वाक्यानं बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी विभागीय परीक्षेला मला पर्यवेक्षक म्हणून पाठवलं. रविवारची सकाळ, स्वारगेटजवळची एक शाळा. वर्गात सगळी नवी मुलं-मुली, विशी-पंचविशीतली. मी पेपरांचा गठ्ठा घेऊन पहिल्या रांगेपासून वाटत निघाले.

तिसऱ्या रांगेत, लहान मुलांच्या त्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून टिळेकर बसले होते. समोर प्रवेशपत्र, दोन पेनं, घाम पुसायला पंचा.

माझे पाय तिथंच थांबले. आजूबाजूची मुलं बघायला लागली. मी वाकून हळूच म्हटलं, "अहो टिळेकर, तुम्हाला सूट आहे. जागा मिळून वर्ष झालं. आता हे कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात तेवढा पुढे केला.

"घंटा झाली, बाई. पेपर द्या."