तडा गेलेला बॉयलर

शहरात हवाई हल्ल्याच्या भोंग्याची चाचणी झाली तेव्हा मी पंचवटीतून भाजी घेऊन येत होते. रिक्षावाले थांबून हसत होते, कुणी व्हिडिओ काढत होतं. मी मात्र पिशवी घट्ट धरून घराकडे सुटले. माझी मुलगी नौदलात, विमानवाहू जहाजावर अधिकारी आहे आणि तिचा फोन काही दिवसांपासून बंद होता.

वडील गॅलरीत उभे होते. तरुणपणी तेही अशाच एका जहाजाच्या बॉयलररूममध्ये होते.

"फोन बंद म्हणजे जहाज बंदरातून निघालं," ते म्हणाले.

"तिला काही होणार नाही ना, बाबा?"

"तिचं जहाज सावकाश, नीट बांधलंय गं. आमचं इंग्रजांनी महायुद्धाच्या घाईत बांधायला घेतलेलं. मोठ्या जहाजांना वेळ नव्हता, म्हणून हलकं, छोटं, बिनचिलखताचं. लढाईपुरतं टिकलं तरी बास. ते पुरं व्हायच्या आत लढाईच संपली. वर्षानुवर्षं अर्धवट पडून होतं, मग आपण घेतलं."

"आणि तुम्ही त्याच्यावर लढायला गेलात."

"बांगलादेशच्या वेळी. एका बॉयलरला तडा गेलेला. पोलादी पट्टे आवळले आणि निघालो. जहाज पुरत्या वेगानं धावेना. वेग नाही तर डेकवर वारा नाही, आणि वारा नाही तर बॉम्ब लादलेलं विमान उडणार कसं? वर वैमानिक वाऱ्याची वाट बघायचे, खाली आम्ही त्या पट्ट्यांकडे. बॉयलर फुटला असता तर..."

हे त्यांनी माझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

"उडाली विमानं?"

"उडाली. प्रत्येक विमान सुटलं की खाली हादरा बसायचा. आम्हाला लढाई तेवढीच कळली."

लढाई पेटली, पण त्यांनी टीव्ही लावू दिला नाही. शेजारून बातम्यांचा आरडाओरडा आला की खिडकी लावून घेत. जेवण अर्ध्यावर टाकत. मला धीर देणारा माणूस माझ्याहून जास्त घाबरला होता. मला ते दिसत होतं.

लढाई थांबल्याची बातमी आली, तरी फोन लागेना. मग एका सकाळी मी कणीक मळत असताना तो वाजला.

"आई, बरी आहे मी. फार बोलता येणार नाही. आजोबांना दे."

वडिलांनी फोन कानाला लावला. "झोप होते का नीट?" एवढंच विचारलं आणि पुढचं नुसतं ऐकून घेतलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. "पण बंदरात थांबणार नाहीयेत. पुन्हा समुद्रात निघतायत."

कुठे, ते मी विचारलं नाही. त्यांनीही तिला विचारलं नसणार.